पाच आकारांत फ्रेटबोर्ड मावत नाही

ठाणे आणि नवी मुंबईतल्या गिटार शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फॉरवर्ड होतोय. मजकूर थोडक्यात असा : "आर्पेजिओ म्हणजे कॉर्ड सुटी करून वाजवणं. पाच आकार पाठ करा. मेट्रोनोम ६०वर लावा, रोज ५ने वाढवा. स्वीप शिका. स्वरांची नावं लागत नाहीत. ३० दिवसांत अख्खा फ्रेटबोर्ड तुमचा." (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर. फ्रेटबोर्ड म्हणजे तारांखालची पट्टी, तिच्यावरचं एकेक घर म्हणजे फ्रेट.) यातलं काही अर्धं खरं आहे, काही साध्या गणितात नापास आहे, आणि एक गोष्ट शिकणाऱ्याचं अख्खं वर्ष खाते.

आधी गणित. मेट्रोनोम, म्हणजे लय देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांपासून रोज ५ने वाढवलं तर ३० दिवसांनी आकडा २१०वर जातो. एका ठोक्याला चार स्वर धरले तर सेकंदाला १४ स्वर. महिन्याभरात हे कुणाच्या बोटांतून निघणार? मुळात मेजर किंवा मायनर आर्पेजिओत तीनच स्वर, त्यामुळे सुरुवातीला ठोक्याला तीन मोजा, म्हणजे प्रत्येक ठोक्यावर मूळ स्वर (कॉर्डच्या नावाचा स्वर) येतो. सलग तीन फेऱ्या स्वच्छ आल्या की २-३ने वाढवा. कॅलेंडर बघून नाही.

"कॉर्ड सुटी करून वाजवणं" हे गाण्याला साथ करताना खरंच आहे. डावा हात कॉर्ड धरून बसतो, तारा एकमेकींत मिसळून वाजतात, तेच हवं असतं. पण लीडमध्ये, म्हणजे गिटार स्वतः सुरावट वाजवते तेव्हा, वाजणारा आर्पेजिओ म्हणजे एका वेळी एकच स्वर. पुढचा वाजला की मागचा बंद. गडबड होते ती शेजारच्या दोन तारांवर एकच फ्रेट असतो तिथे. मुलं बोट आडवं टाकून दोन्ही तारा दाबतात आणि दोन्ही स्वर चिकटून येतात. बोट लोळवायचं : आधी टोकाने जाड तार दाबा, मग बोट चपटं करत बारीक तारेवर या आणि टोक किंचित उचला. तपासायचं असेल तर दुसऱ्या स्वरावर थांबा. पहिला अजून ऐकू येत असेल तर जमलेलं नाही. ॲम्पचा गेन (आवाज करकरीत करणारं बटण) वाढवून वाजवलंत तर ही चूक लपतच नाही.

आता मुख्य मुद्दा, पाच आकार. हे आकार खोटे नाहीत. सी, ए, जी, ई, डी या ओपन कॉर्डचे साचे वर सरकवले की गिटारची मान पूर्ण भरते. पण साताचा पाढा घोकलेल्या मुलाला "सात आठे?" विचारलं की तो "सात एके सात"पासून सुरू करतो ना, आकार पाठ केलेल्या हाताचंही तसंच होतं. गाण्यात कॉर्ड मधेच बदलते आणि हात खालच्या मूळ स्वराकडे धावतो.

त्यापेक्षा एक आकार घ्या आणि तो तिरका चढवा. सी मेजर, स्वर सी, ई, जी. तारा मोजायच्या त्या सगळ्यात बारीक तार पहिली धरून, आकडे फ्रेटचे : पाचव्या तारेवर ३ आणि ७, चौथीवर ५, तिसरीवर ५ आणि ९, दुसरीवर ८, पहिलीवर ८. दोन सप्तकं झाली. नीट बघा : पहिल्या सप्तकात ३, ७, ५, म्हणजे मूळ फ्रेटपासून ४ पुढे, मग २ पुढे. दुसऱ्यात ५, ९, ८, म्हणजे ४ पुढे, मग ३ पुढे. हा एक फ्रेटचा फरक दुसऱ्या, म्हणजे बी तारेचा. शेजारच्या बाकी सगळ्या तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर असतं, फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात चारचं. तो विसरून दुसऱ्या तारेवर ७ दाबला की एफ शार्प वाजतो आणि सी मेजरची वाट लागते. आकार पाठ करणाऱ्याला चूक ऐकू येते, कारण सापडत नाही.

बोटांचं बघू. ३ ते ७ हा ताण घेऊ नका. ६४८ मिमी स्केलच्या गिटारवर ते अंतर सुमारे ११ सेंमी भरतं. तर्जनीने ३ वाजवा, हात दोन फ्रेट पुढे न्या, अनामिकेने ७. मग चौथ्या तारेच्या ५वर तर्जनी, तीच लोळवून तिसऱ्या तारेच्या ५वर. पुन्हा दोन फ्रेट पुढे : अनामिका ९वर, मधलं बोट दुसऱ्या तारेच्या ८वर, तेच लोळवून पहिलीच्या ८वर.

आणि इथेच स्वीपचा दावा गळतो. निव्वळ स्वीप म्हणजे एका तारेवर एक स्वर आणि पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) एकच सलग ढकल. वरच्या वाटेवर एका तारेवर दोन, पुढच्या तारेवर एक असे स्वर आहेत, तिथे ते चालत नाही. कडक खाली-वर-खाली-वर वाजवलंत तर तीन स्वरांमुळे दुसरं सप्तक 'वर'ने सुरू होतं आणि हात गोंधळतो. खाली-वर-खाली हा तिनाचा गट ठेवा. गटाचा शेवटचा 'खाली' आणि पुढच्याचा पहिला 'खाली' एकाच ढकलीत येतात. स्वीप लागतो तो एवढाच.

स्वरांची नावं. बारा फ्रेटमध्ये प्रत्येक तारेवर एक सी, एक ई, एक जी : एकूण १८ जागा. हे गिटारशिवाय होतं. ठाण्याहून वाशीची लोकल पकडलीत की दिघा गाव सोडून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा ही बरोबर सहा स्टेशनं. ऐरोलीला सहावी तार : जी ३, सी ८, ई १२. रबाळेला पाचवी : सी ३, ई ७, जी १०. असं सानपाड्याला पहिली तार. परतीच्या गाडीत एफ मेजर घ्या.

पेटीवर शिकलेल्यांनी सरगम वापरली तर उत्तमच, फक्त सा हलवू नका. सी म्हणजे सा धरला तर डी मायनर सेव्हन होतो रे म ध सा, जी सेव्हन प नी रे म, सी मेजर सेव्हन सा ग प नी. पहिल्या कॉर्डकडून दुसरीकडे जाताना सा उतरतो नीवर, दुसरीकडून तिसरीकडे म उतरतो गवर. गिटारवर : चौथ्या तारेचा ३ आणि तिसरीचा ५, मग ३ आणि ४, मग २ आणि ४. दर वेळी एकच बोट एक फ्रेट मागे. फोनवर या तीन कॉर्ड रेकॉर्ड करा, पहिल्या दोन एकेक बार (चार ठोके), शेवटची दोन बार, आणि ६०च्या लयीत फिरू द्या. आर्पेजिओ कुठूनही सुरू करा, पण कॉर्ड बदलते त्या ठोक्यावर या दोन तारांवरच्या स्वरांपैकी एकावर उतरा.