स्टेपनीला साखळी बांधा म्हणे! त्या फॉरवर्डचं जरा बघू

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर सध्या तो एक मेसेज फिरतोय, गाडीखालची स्टेपनी चोरीपासून वाचवायचे उपाय म्हणून. त्यात म्हणणं असं की साखळी-कुलूप लावलं की चोर हात लावत नाही, स्टेपनी आपोआप कधी पडत नाही, चोरानं ढिली केली तरच पडते, जमलं तर खालून पट्टी वेल्डिंग करून घ्या, विंचला (स्टेपनी खाली-वर करणाऱ्या चरखीला) वर्षाला ग्रीस थापा, आणि एवढं सगळं नको असेल तर स्टेपनी घरीच काढून ठेवा कारण सरकारनंच ती आता गरजेची नाही म्हणून सांगितलंय, आणि गेलीच तर इन्शुरन्सवाला देतोय. शेवटी "जनहितार्थ पुढे पाठवा" आहेच. एर्टिगा, इनोव्हा, स्कॉर्पिओ, बोलेरो पिकअप, या सगळ्यांची स्टेपनी पोटाखाली लटकलेली, म्हणजे आपल्याकडं निम्म्या घरांचा विषय आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

साखळी-कुलूपाचं अर्धं खरं आहे. पण आधी हे बघा की तुमच्या गाडीत विंच फिरवायचं भोक कुठंय. काही गाड्यांत ते मागच्या बंपरजवळ असतं, तिथं टॉमी (लोखंडी दांडा) घालून कुणीही फिरवतो, स्टेपनी खाली येते, दोन मिनिटं पण लागत नाहीत. काहींत बोल्ट डिकीच्या आत असतो, तिथं चोराला गाडी फोडायला लागते नाहीतर मग खाली शिरून स्टेपनी जिच्यावर टांगलेली असते ती तारेची दोरी, म्हणजे वायर रोप, कापायला लागतो, आणि तो रोप असतो पेन्सिलीएवढा, बोल्ट कटरपुढं काहीच नाही. गाडी उंच असली की खाली शिरायला जागा पण भरपूर. तेव्हा साखळी लावायचीच, पण कसली आणि कशाला बांधलेली हे मेसेजमध्ये कुठंच नाही आणि सगळी गोम तिथंच आहे.

हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळती ती साखळी मऊ लोखंडाची असते, जो कटर वायर रोप कापतो तोच तिला पण कापतो, फक्त जोर जरा जास्त लागतो. कडक केलेल्या स्टीलची, दुचाकीला लावायला मिळते तसली जाड साखळी घ्या. ती टायरला नुसती गुंडाळू नका, डिस्कच्या (टायर बसतो त्या रिमच्या) भोकातून ओवा आणि चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, आडव्या मेंबरला घ्या. बंपरच्या पट्टीला किंवा सायलेन्सर ज्याला टांगलाय त्याला बांधलेली मी बघितलीय, चोराचं सोडा, खराब रस्त्यावर ती पट्टीच वाकते. सायलेन्सर आणि ब्रेकच्या पाइपला साखळी कुठं टेकत नाही ना हे गाडीखाली झोपून बघा, वरून अंदाज येत नाही. आणि पिकअपवाल्यांनी एक अजून बघायचं, गाडी लोड झाली की स्प्रिंगचे पाटे बसतात आणि एक्सल वर येतो, रिकाम्या गाडीत साखळी लांब दिसत होती ती लोडला घासायला लागते. म्हणून ढील कमीत कमी, आणि वरून सायकलची जुनी ट्यूब चढवा म्हणजे खडखडाट पण नाही (ट्यूबवाला भाग सायलेन्सरपासून लांबच ठेवायचा).

कुलूप शटरचं असतं तसलं घ्या, ज्याची कडी झाकलेली असते, कटरचं तोंड आत जात नाही. चावीचं भोक खाली तोंड करून, वर रबराचा तुकडा. नाहीतर उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल त्यात जाऊन बसतो आणि मग चोर जाऊ दे, मालकालाच उघडत नाही. आणि चावी कुठं ठेवता? बहुतेकांची घरातल्या ड्रॉवरमध्ये असते. बायको नाहीतर भाऊ गाडी घेऊन पुण्याला निघाला, खंबाटकी घाटात टायर गेला, रात्रीचे अकरा वाजलेत आणि चावी सांगलीत विश्रामबागेत. गाडीच्या किल्लीलाच अडकवा ती, वेगळी ठेवायचीच नाही.

आणि एवढं सगळं करून पण चोर हात लावत नाही असं नाही हो, त्याला वेळ लागतो एवढंच, मग तो शेजारची गाडी बघतो. (शेजाऱ्याला हा लेख पाठवा.) फुकटातला उपाय हवा असेल तर गाडी रिव्हर्स घेऊन मागची बाजू भिंतीला चिकटवून लावा, ज्यांचं भोक बंपरजवळ आहे त्यांचं निम्मं काम तिथंच होतं.

आता तो दुसरा मुद्दा, "आपोआप पडत नाही". हे मात्र साफ चुकीचं आणि धोक्याचं आहे, कारण हे वाचून माणूस चोरावर डोळा ठेवतो आणि विंचकडं बघतच नाही. स्टेपनी कशावर टांगलेली असते ते समजून घ्या. रोपाच्या टोकाला एक प्लेट असते, ती डिस्कच्या मधल्या भोकातून जाऊन आडवी बसते आणि विंच गुंडाळत आणून टायर वर चेसीला दाबून धरतो. टायर वर घट्ट दाबलेला असेल तर हलत नाही, रोपावर झटके येत नाहीत. पण पंक्चरवाल्यानं घाईत अर्धवट चढवला, किंवा प्लेट तिरकी बसली, की टायर लोंबतो, प्रत्येक खड्ड्याला झोके खातो, रोपाची एकेक तार तुटत जाते. वरून गंज. पावसाळ्यात खालून पाण्याचा मारा आणि आपल्या इथं तर २०१९ आणि २०२१ ला ज्या गाड्या पुराच्या पाण्यात उभ्या होत्या त्यांच्या विंचमध्ये गाळ जाऊन बसलेला, वरून गाडी धुऊन चकाचक केली तरी आतलं कोण बघतंय. मग एक दिवस हायवेला रोप तुटतो आणि वीस-पंचवीस किलोचं चाक मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यासमोर घरंगळत जातं. चोर कुठं आला ह्यात?

म्हणून पंक्चर काढून झालं की तिथून निघायच्या आधी स्वतः खाली वाकून टायर दोन्ही हातांनी हलवा. हलला तर परत ढिला करून प्लेट सरळ बसवायची आणि पुन्हा आवळायचा. काही विंचमध्ये पूर्ण आवळल्यावर कट्कन आवाज येतो, काहीत येत नाही, म्हणून आवाजावर नाही तर हातावर विश्वास ठेवा. आणि पावसाळा संपला की एकदा पूर्ण खाली उतरवून रोप बघा, तारा तुटून बाहेर आल्या असतील तर विंच बदलायचा, गाठ मारून चालवायचं नाही. इथंच साखळीचा खरा उपयोग आहे बघा, रोप तुटला तरी चाक रस्त्यावर जात नाही, खाली लोंबलं तर आवाज येतो आणि आपण थांबतो. मेसेजवाल्यानं साखळी सांगितली आणि तिचं हेच काम सांगितलं नाही.

वेल्डिंगचं तर काय बोलावं. सांगलीत शंभर फुटी रोडला पाच मिनिटांत पट्टी मारून देणारे मिळतील, प्रश्न तो नाहीच. मागच्या भागात डिझेल-पेट्रोलची टाकी, तिचे पाइप, ब्रेकचे पाइप, वायरिंग, सगळं जवळजवळ असतं आणि ठिणगी बघून पडत नाही. सीएनजीवाल्यांनी तर ह्या वाटेला जाऊच नये. बॅटरीची तार न काढता वेल्डिंग मारलं तर कंट्रोल युनिट (गाडीचा कॉम्प्युटर) उडायची भीती वेगळीच. गाडी वॉरंटीत असेल तर चेसीवर असं काम केलेलं दिसल्यावर सर्व्हिस सेंटरवाला हात वर करायला मोकळा. आणि समजा सगळं नीट झालं, तरी कायमची वेल्ड केलेली स्टेपनी म्हणजे टायर असून नसल्यासारखा, पसरणी घाटात ग्राइंडर कुठनं आणणार? पिकअपला काहीजण बोल्टवर बसणारी पिंजऱ्यासारखी पट्टी करून घेतात, बोल्ट चेसीच्या असलेल्याच भोकातून, खालून चेक नट (पहिला ढिला होऊ नये म्हणून वरून आवळलेला दुसरा नट) आणि एका ठिकाणी कुलूप. ते चालतं, मजबूत पण होतं. फक्त त्या नटाचा पान्हा गाडीत पाहिजे.

ग्रीसबद्दल थोडक्यात. रोपावर जाड ग्रीस थापलं की धूळ आणि चिखल त्याच्यावर चिकटून बसतो, आतला गंज दिसत पण नाही. रोपाला पातळ तेल, फडक्यानं पुसून पुसून, आणि विंच दोन-चारदा खाली-वर. बस.

"सरकारनंच काढून टाकली" हे अर्धवट वाचून लिहिलंय. जुलै २०२० मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमात बदल केला तो असा, साडेतीन टनांपर्यंतची प्रवासी गाडी, ड्रायव्हर धरून नऊ सीटपर्यंतची, तिच्यात टायर रिपेअर किट आणि हवेचा दाब दाखवणारी सिस्टीम दोन्ही असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल. दोन्ही असेल तर! तुमच्या दहा वर्षांच्या गाडीत ती सिस्टीम आहे का? आणि पिकअप, छोटा हत्ती ह्या मालवाहू गाड्या, ती सवलत त्यांच्यासाठी नव्हतीच. बरं किट असलं तरी त्यातलं औषध खिळ्याच्या भोकाला चालतं, टायरची कड फाटली तर नाही. केळघर घाटातनं महाबळेश्वरला जाताना कडेचा दगड लागून टायर जातो तो कडेलाच जातो. घरी ठेवलेली स्टेपनी सुरक्षित आहे हे मान्य, घर पण सुरक्षित आहे, म्हणून गाडी बाहेर काढायचीच नाही का.

आता इन्शुरन्स. नुसतं टायर-ट्यूबचं नुकसान आपल्या नेहमीच्या पॉलिसीत भरत नाहीत, गाडीला पण त्याच वेळी मार बसला असेल तरच, आणि तेव्हा पण टायरच्या किमतीच्या ५० टक्केच. चोरीचा क्लेम वेगळा मांडता येतो, पण हिशोब करा. खासगी गाडी १५०० सीसीपर्यंत असेल तर पहिले १००० रुपये तुमचे, त्यावर असेल तर २०००. टायर नवा असला तरी घसारा म्हणून ५० टक्के कापणार. आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला, पाच वर्षं क्लेम नसणाऱ्याला तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. एका टायरच्या निम्म्या पैशासाठी पुढच्या वर्षीचा हप्ता वाढवून घ्यायचा, मला तरी पटत नाही, ज्याची अलॉयवाली महागडी स्टेपनी आहे त्यानं एजंटला आकडे विचारून ठरवावं.

पोलिसांचं पण तेच. नव्या फौजदारी कायद्यांत ५००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे घासलेली जुनी स्टेपनी गेली तर नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) होऊ शकते आणि मग कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. तक्रार द्याच, पण टायरचं बिल सापडत नाही आणि नंबर माहीत नाही असं म्हणून उभं राहिलात तर समोरचा काय करणार. पुढच्या वेळी स्टेपनी खाली उतरवाल तेव्हा टायरच्या कडेवरच्या अक्षरांचा मोबाईलवर फोटो काढा. त्यात शेवटी चार आकडे असतात, समजा २३१९, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आणि उतरवलाच आहे तर हवा पण भरून घ्या, वर्षभर कुणी बघितलेली नसते.