ती परत का येत नाही, हे विचारणाऱ्यांसाठी

आज सकाळी इथे बडोद्यात कमाटी बागेत डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून लिहायला बसले. पोस्ट मोठी होणार आहे. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जावं.

फेऱ्या मारून आम्ही चौघीजणी बाकावर टेकलो होतो. रोज दिसणारे एक गृहस्थ थांबले. नाव लिहीत नाही, इथल्या निम्म्या लोकांच्या ओळखीचे निघतील. "काय वहिनी, मुलीच्या नोकरीचं जमलं का काही अमेरिकेत?" मी म्हटलं, शोधतेय ती. तर म्हणतात, "किती दिवस शोधणार? डिग्री झाली, आता यावं गपचूप घरी. एकदा तिकडची हवा लागली की झालं. आपल्या सयाजीराव महाराजांनी मुलं परदेशी पाठवली ती परत येऊन चाकरी करायच्या बोलीवर." एवढं बोलून निघूनही गेले. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी येऊन चहा टाकला आणि मग एकेक सुचायला लागलं.

लेक कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजातून, सिव्हिल इंजिनीअर झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये टेक्सासला एम.एस.ला गेली, पाण्याच्या विषयात. ती गेली आणि त्याच महिन्यात विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं. तिकडे पोरगी रात्रभर जागून फोन करत होती, गाडी वर घेतली का, बाबांची औषधं आहेत का. डिसेंबर २०२५ मध्ये पदवी मिळाली. पदवीनंतर तिथे एक वर्ष काम करायची परवानगी मिळते, तिला ओपीटी म्हणतात. तिच्यासारखा तांत्रिक विषय असेल तर पुढे आणखी २४ महिने वाढवून मिळू शकते. हे सगळ्यांना माहीत असतं. "तीन वर्षं आहेत की हातात!" असं मला आजवर डझनभर लोकांनी ऐकवलंय.

पण पहिल्या वर्षात नोकरीशिवाय एकूण ९० दिवसच काढता येतात, हे किती जणांना माहीत आहे? कामाच्या परवानगीचं कार्ड मिळतं, त्यावरच्या तारखेपासून मोजणी सुरू होते. शनिवार-रविवार धरून, सणवार धरून, ताप आला तर तोही धरून. ९० च्या पुढे गेलं की व्हिसाचा नियम मोडला.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलंय. दुधाचे आकडे, गॅसची तारीख, आणि २ फेब्रुवारीपासून रोज एक लाल फुली. तिथे मध्यरात्र उलटते तेव्हा सध्या इथे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. साडेदहाच्या आत मी फुली मारत नाही. यांचं म्हणणं, काय फरक पडतो? मला पडतो. तिचा दिवस अजून संपलेला नसताना मी कशी खोडणार? काल ७६ वी मारली.

या ७६ दिवसांत पोरगी हातावर हात धरून बसलेली नाही. रोजचे पंधरा-वीस अर्ज. प्रत्येक अर्जात एक प्रश्न असतोच: तुम्हाला आत्ता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप लागेल का, म्हणजे व्हिसासाठी कंपनीने अर्ज करावा लागेल का? खरं बोलायचं तर "हो" लिहावं लागतं. ती "हो" लिहिते. कधी कधी दहा मिनिटांत नकाराची मेल येते, माणसाने अर्ज उघडूनही पाहिलेला नसतो. एका ठिकाणी तीन मुलाखती झाल्या, साइटवर नेऊन प्लान्ट दाखवला, आणि मग कळवलं की परदेशी उमेदवार सध्या घेत नाही. मग तीन वेळा बोलावलं कशाला?

आता त्या "परत यावं" वर येते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

कर्ज ४० लाखांचं आहे. या फ्लॅटचे कागद बँकेत आहेत. शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत, म्हणजे या डिसेंबरपासून हप्ता सुरू. महिन्याला साधारण ५५ हजार. वर्षाचे झाले ६ लाख ६० हजार. इथून तिला दोन ठिकाणी विचारणा झाली, त्यातली बरी होती ती वर्षाला साडेचार लाखांची. पाचवीतल्या मुलाला हे गणित घाला. तो सांगेल ती परत का येत नाही. हवा नाही लागली हो तिला, हप्ता लागलाय.

कोणी म्हणतं, येऊ दे की, इथून अर्ज करेल. इथून? सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडच्या सरकारने एच-वन-बीच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी लावली. तिथेच राहून विद्यार्थी व्हिसावरून बदलून घेणाऱ्यांना ती लागू नाही, बाहेरून बोलावलेल्यांना आहे. नुकत्याच पास झालेल्या मुलीसाठी कुठली कंपनी एक लाख डॉलर मोजेल? विमानात बसली की तो दरवाजा बंद.

आणि खाली राहणाऱ्या बेन दर दोन दिवसांनी जिन्यात गाठतात. "पाछी आवी जाय ने, शुं छे त्यां?" म्हणजे, परत येऊ दे ना, काय आहे तिथे? त्यांच्या मनात वाईट नाही, मला माहीत आहे. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने बेकायदा राहणारे म्हणून परत पाठवलेल्या भारतीयांचं ते लष्करी विमान अमृतसरला उतरलं, त्यात गुजरातमधली माणसं होती, तेव्हापासून ह्याच बेन आवाज बारीक करून विचारतात, तिचं सगळं लीगल आहे ना? जी मुलगी एकेक दिवस मोजून राहतेय तिच्याबद्दल हा प्रश्न!

बरं, मान्य करते. खोटा अनुभव दाखवून देणाऱ्या कन्सल्टन्सींच्या नादी लागणारी मुलं आहेत, आणि ते चूकच आहे. आणि विश्वामित्रीला पाण्यातलं शिकलेल्या माणसांची गरज आहे, हे मलाही कळतं. पुराच्या वेळी जिन्यावर बसून मीच ते बोलले होते.

पण महाराजांचं नाव घ्यायचं तर पूर्ण गोष्ट सांगा. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायच्या करारावर. खरं आहे. १९१७ मध्ये करार पाळायला ते आले. एवढं शिकून आलेल्या माणसाला या शहराने राहायला खोली दिली नाही. पारशी सरायीत कसेबसे राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं दारात आली. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघत ते बसले ते याच कमाटी बागेत. ज्या बागेत उभं राहून तुम्ही मला चाकरीच्या बोलीची आठवण करून दिलीत, त्याच बागेत! माझ्या लेकीची त्यांच्याशी तुलना करायला मी खुळी नाही. पण "परत या" म्हणणाऱ्याने आपण त्याला काय देणार आहोत हे आधी सांगावं. महाराजांनी निदान पैसे दिले होते. तुमच्या खिशातलं काय गेलं?

उठून पाणी पिऊन आले.

हे सगळं मी त्या गृहस्थांना सुनावतेय खरी, पण गुरुवारपासून मला दुसरंच काहीतरी टोचतंय. तेही लिहून टाकते.

गुरुवारी पहाटे तिचा फोन आला. इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची यंत्रं आहेत तिथून बोलत होती, कारण खोलीतल्या मैत्रिणीची मुलाखत चालू होती. मागे यंत्राची घरघर. आधी म्हणाली, सेव-उसळ खावीशी वाटतेय, तर्री जास्त घातलेली. मी म्हटलं, आलीस की जाऊ. मग थोडं थांबून तिने विचारलं, "आई, मी खरंच परत आले तर तुम्हाला वाईट वाटेल का गं?"

आणि मी लगेच "नाही" म्हटलं नाही.

तीन सेकंद असतील, चार असतील. माझ्या डोळ्यांसमोर हप्ता आला, बँकेत ठेवलेले कागद आले, जिन्यातल्या बेन आल्या, बागेतली माणसं आली. मग म्हटलं, "अगं वेडे, घर तुझंच आहे." पण ती थांबली होती तेवढा वेळ. यंत्राचा आवाज तेवढा ऐकू येत होता. नंतर म्हणाली, "बरं, कपडे झाले," आणि फोन ठेवला.

तेव्हापासून ती हसून बोलते, जेवलीस का विचारते, पण तो विषय काढत नाही. माझ्या पोरीला घरी यायची परवानगी मागावीशी वाटली. आणि मी चार सेकंद विचार केला.

म्हणून सांगते, ज्यांची मुलं बाहेर नोकरी शोधतायत त्यांना रस्त्यात अडवून विचारू नका. आमच्या कानावर पडलेलं फोनवरून त्यांच्यापर्यंत जातं. आपण न बोलताही जातं. तिला राहायचं असेल तर शेवटच्या दिवसापर्यंत राहू दे. विद्यापीठात एका प्राध्यापकांकडे तिच्या विषयातलं आठवड्याला २० तास बिनपगारी काम मिळालं तरी दिवसांची मोजणी थांबते. तिने तिघांना लिहिलंय, एकाने "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलंय. कदाचित होईल. नाही झालं तर येईल. फ्लॅट विकावा लागला तर विकू. हे रात्रीच बोललो आम्ही दोघं, पहिल्यांदाच उघडपणे. यांनी शांतपणे मान हलवली आणि म्हणाले, "तिला हे सांगितलंस का?"

नाही सांगितलं.

घड्याळ बघितलं तर पावणेअकरा. लिहिता लिहिता साडेदहा कधी वाजून गेले कळलंच नाही. ७७ वी फुली राहिली. तिथे नुकतीच मध्यरात्र उलटलीय, ती जागीच असणार. आधी फोन करते, फुली मग.