निबंधही नको, धिंडही नको

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि अल्पवयीन चालकाला त्याच दिवशी जामीन मिळाला. अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. तेव्हापासून पुण्यात 'पोराला सुधारायची संधी द्या' म्हटलं की लोक खवळतात. रास्तच आहे. पण त्या रागात आपण एक फार मोलाची गोष्टही मोडीत काढतोय, असं मला मनापासून वाटतं.

त्या आदेशात गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना काय स्थान होतं? काहीच नाही. माझा आक्षेप तिथून सुरू होतो.

ते स्थान देता येतं, हे न्यूझीलंडमध्ये दिसतं. तिथे माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, मुलं घरादारापासून तोडून संस्थांमध्ये डांबली जात होती. माओरी समाज म्हणत होता, पोराचा गुन्हा म्हणजे अख्ख्या कुळाचा प्रश्न, आम्हाला बसू द्या. १९८९ च्या कायद्याने ते ऐकलं. मुलगा, नातेवाईक, पोलीस आणि इच्छा असेल तर ज्याचं नुकसान झालं तो, असे सगळे एकत्र बसतात. घरचे वेगळ्या खोलीत आपापसात बोलतात आणि भरपाई, माफी, काम यांचा प्रस्ताव घेऊन बाहेर येतात. २००८ पासून काही मुलांच्या सुनावण्या थेट मराएवर, म्हणजे माओरींच्या सभास्थानी होतात. तिथे पोराला आपला डोंगर, आपली नदी, आपले पूर्वज सांगून ओळख करून द्यावी लागते. वडीलधाऱ्यांसमोर, आजीसमोर. याला सौम्य शिक्षा म्हणणाऱ्याने ते एकदा डोळ्यांसमोर आणून बघावं. आणि खून, मनुष्यवध यांचे खटले तिथेही या वाटेने निकाली निघत नाहीत. कल्याणीनगरसाठी मीही हे मागत नाही.

'म्हणजे पुन्हा जातपंचायत का?' हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. जातपंचायतीत दंड पंचांच्या खिशात जायचा, बाईची बाजू कुणी ऐकायचं नाही, आणि वाळीत टाकायची भीती कायम डोक्यावर. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो उगाच नाही. पण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभाही आपल्याच राज्यात आहे. तिथे बायकापुरुष एकत्र बसून सर्वसहमतीने निर्णय घेतात. १९९६ चा पेसा कायदाही आदिवासी गावांची तंटे सोडवण्याची रीत मानतो. दोन्ही परंपराच. एकीत जातीची इज्जत सांभाळायची असते, दुसरीत एकत्र राहायचं असतं.

आता आपल्या शहराचं बघा. रात्री कोयते घेऊन पोरं रिक्षांच्या, गाड्यांच्या काचा फोडतात. त्यांत कितीतरी अल्पवयीन असतात. सज्ञान सापडले की त्याच गल्लीत धिंड निघते आणि आपण व्हिडिओ फॉरवर्ड करतो. रिक्षावाल्याची काच मात्र त्याच्याच पैशाने बसते, आणि 'माझीच गाडी का फोडली?' हे त्याला कधी कळत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम १८ मध्ये समुपदेशन, समाजसेवा, पालकांकडून दंड असे मार्ग आहेत. पण त्या रिक्षावाल्याला समोर बसवून विचारायची सोय त्या यादीत नाही.

ती पुण्यात सुरू करावी, तोडफोडीच्या गुन्ह्यांपासून. पोराने आधी गुन्हा कबूल केलेला हवा. ज्याचं नुकसान झालं त्याने 'नाही' म्हटलं तर तिथेच विषय संपला, त्याच्यावर कुणाचाही दबाव नको, नगरसेवकाचा तर नकोच. ठरलेली भरपाई लेखी, बाल न्याय मंडळाच्या देखरेखीखाली. आणि बैठकीला आईबरोबर बापानेही यायचं.