"कोकणात बेघर आहेतच कुठे?" या कमेंटला उत्तर

दादा, एवढी मोठी कमेंट लिहिलीत त्याबद्दल थँक्यू, नाहीतर लोक लाईक टाकून पुढे जातात. एसटी स्टँडवर झोपणाऱ्यांसाठी नगरपरिषदेने रात्रनिवारा काढावा असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, कोकणात बेघर नाहीतच, जे दिसतात ते बाहेरचे आणि दारुडे, पोलिसांना सांगून उचलावेत, आणि मला एवढा कळवळा असेल तर तुमचं गावचं बंद घर देऊ का.

घराचं आधी मिटवतो. नको. सातबाऱ्यावर आजोबांपासूनची नावं असतील, अख्ख्या भावकीच्या सह्या जमेपर्यंत कौलं खाली येतील.

आता बाहेरचे. आंब्याच्या बागा राखायला नेपाळी गडी कोण आणतं? रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटीवर खलाशी कुठले असतात? सीझनभर माणूस आपला असतो, मग पाय मोडला की बाहेरचा होतो. आणि स्टँडवर सगळे बाहेरचे नाहीत हो. मी बोललो त्यातल्या एक आजी इथल्याच तालुक्यातल्या, नवरा गेल्यावर दिरांनी घराला कुलूप लावलं, आता बाकड्याखाली बोचकं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड, आणि पहाटेची पहिली गाडी लागायच्या आत उठून झाडलोट करतात म्हणून कंट्रोलर काही बोलत नाही. दारूचा वास मला तरी आला नाही.

उचलण्याबद्दल थोडक्यात. भीक मागण्याविरुद्धचा मुंबईचा कायदा 1959 चा, त्यात पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबायची सोय आहे. हाच कायदा दिल्लीतही लागू होता, तिथल्या हायकोर्टाने 2018 साली त्यातली बरीच कलमं रद्द केली. शिवाय डांबलेल्या माणसाला जेवण सरकारच घालणार ना, मग खर्च कुठे वाचला?

तुमचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे, की राजकीय इच्छाशक्ती असती तर हे कधीच झालं असतं. पण इच्छाशक्ती आपल्याकडे नाही हे मला पटत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तळियेवर दरड आली, तेव्हा पूरग्रस्तांसाठी शाळा उघडल्या, ट्रक भरून चादरी आल्या, सगळ्या पक्षांचे पुढारी चिखलात उतरले. कोणी विचारलं का, हा पितो का, हा मूळचा कुठला? नाही विचारलं, कारण ते आपले होते आणि, मी जरा कडवट बोलतोय, ते मतदार होते.

खरी मेख इथे आहे. 2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली, देशभरात आकडा आला साधारण 17.7 लाख. त्या रात्री जो दिसला नाही तो नाहीच. पुढे 2013 पासून केंद्राची शहरी निवारा योजना आली, तिचा हिशोब लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांच्या निवाऱ्याचा होता, आणि आपली शहरं बघा, त्या जनगणनेत रत्नागिरी शहरसुद्धा लाखाच्या आत. म्हणजे साहेबांना "आमच्याकडे गरज नाही" म्हणायला मोकळं. आमच्या नगरपरिषदेत (नाव मुद्दाम लिहीत नाही) मला नेमकं हेच ऐकवलं, आणि एका नगरसेवकाने चहा पिता पिता विचारलं, मतदारयादीत किती आहेत ते सांग. मला राग नाही आला, उलट बरं वाटलं, निदान खरं बोलला.

आता यादीत घालता येतं का? येतं. घर नसलेल्या माणसाला मतदार नोंदणीचा फॉर्म 6 भरता येतो, झोपायची जागा हाच पत्ता, राहण्याचा कागद लागत नाही. बीएलओने, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या माणसाने, रात्री जाऊन बघायचं की माणूस खरंच तिथे झोपतो का, आणि तेही एकापेक्षा जास्त रात्री. आपल्याकडे बीएलओ म्हणजे बहुतेक अंगणवाडीताई नाहीतर शाळेतले गुरुजी, दिवसभर ड्युटी करून रात्री स्टँडवर, धन्य त्यांची. सोबत कोणीतरी असलं तर त्याही निघतात. नेपाळी खलाशाला याचा उपयोग नाही हे मान्य, तो नागरिक नाही, त्याच्यासाठी बोटमालक आणि बागायतदारांच्याच मागे लागावं लागेल. पण आजींच्यासारख्यांची पंचवीस-तीस नावं एका वॉर्डात चढली की तोच नगरसेवक स्वतःहून निवाऱ्याचा ठराव मांडेल. नगरपरिषदेच्या वॉर्डात एवढ्या मतांवर सीट पडते, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

माझ्या पोस्टमधल्या फिनलंडच्या उदाहरणाची टिंगल केलीत ती चालेल, पण त्यांनी 2008 पासून निवाऱ्यातल्या खाटा कमी करून माणसाला थेट भाड्याचं घर द्यायला सुरुवात केली आणि सरकारं बदलली तरी ते बंद पडलं नाही, एवढंच मला त्यातून घ्यायचं होतं. बर्फ इथे पाडा असं मी म्हटलं नव्हतं.

गणपतीला येणार असाल तर विसर्जनानंतर एखादी रात्र काढा. स्टँडवर नऊनंतर लोक आडवे व्हायला लागतात, फॉर्म भरून द्यायला लिहिता येणारी माणसं कमी पडतात. आजींचा फोटो काढून झालाय, फॉर्म अजून बाकी आहे.