कायदा आहे, मंजुरीला मुदत द्या

लेखात म्हटलंय की मोर्चातल्या भडकाऊ भाषणांसाठी नवीन कडक कायदा पाहिजे. अहो, कायदा आहे ना आधीपासून! जुन्या भारतीय दंड संहितेतलं (IPC) कलम १५३अ आता भारतीय न्याय संहितेत कलम १९६ झालंय, धर्म, वंश, जात, भाषा यावरून तेढ लावली तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा. सुप्रीम कोर्टाने तर एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की तक्रारीची वाट बघू नका, स्वतःहून गुन्हा नोंदवा. खरी गोम पुढे आहे, सरकारची मंजुरी आल्याशिवाय कोर्ट अशी केस हातात घेऊच शकत नाही. आमच्या जळगावकडे असा मोर्चा निघाला की शटर धडाधड खाली, केळीचे ट्रक बाहेरच उभे, भरीत-भाकरीवाली मावशी दुपारीच घरी. माईकवर बोलणारा बाहेरून येतो, आग लावून संध्याकाळी निघून जातो अन् नोटिसा इथल्या पोरांना, क्लिप फॉरवर्ड केली म्हणून! सरकारविरुद्ध घोषणा कितीही जोरात द्या, तो हक्कच आहे, त्याला हे कलम लावायचं नाही. पण लोकसेवकांवरच्या खटल्याच्या मंजुरीला नवीन नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी खटले कसे चालवायचे तो कायदा) १२० दिवसांची मुदत आहे, निर्णय नाही झाला तर मंजुरी मिळाली असं धरतात, तेच इथे पण लागू करा.