०.१५ मिलिमीटरचं जू

मी सर्किट बोर्डचा लेआऊट करतो. एवढं सांगितलं की गावाकडचे लोक विचारतात, "मंग टीव्ही दुरुस्त करतोस का?" आणि नाही म्हणालं की माझ्या इंजिनिअरिंगच्या फीबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर जी हळहळ उमटते ती मी आमच्या आबांच्या चेहऱ्यावरसुद्धा बघितलेली आहे. काम काय, तर हिरव्या पाटीवर तांब्याच्या बारीक पट्ट्या कुठून कुठं न्यायच्या ते कॉम्प्युटरवर काढायचं. काढून झालं की सॉफ्टवेअरमधलं एक बटण दाबायचं, डीआरसी, म्हणजे डिझाईन रूल चेक, मग ते सगळा बोर्ड हुंगून तुमच्या चुकांची यादी देतं. लग्नात मानपानावरून रुसलेल्या मामाकडं पण एवढी यादी नसते.

बोर्ड होता कापसाच्या जिनिंगवरच्या वजनकाट्याचा. सेलू-मानवत पट्ट्यात दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, गाडी काट्यावर चढते, केबिनमधल्या डब्यावर आकडा येतो आणि तोच आकडा बाहेर मोठ्या डिस्प्लेवर लाल अक्षरांत दिसावा लागतो, नाहीतर शेतकरी गाडी खाली घेत नाही, आणि बरोबर आहे त्याचं. तर त्या डब्यातून डिस्प्लेकडं आरएस-४८५ ची, म्हणजे दोन तारांवरून लांबवर आकडे पाठवायची लाईन, आणि दिवसाचा हिशोब लॅपटॉपवर घ्यायला यूएसबी-सी.

दोन्हीकडं डिफरेन्शिअल जोडी. म्हणजे एकाच सिग्नलसाठी दोन तारा, एक वर गेली की दुसरी खाली, आणि पलीकडचा रिसीव्हर फक्त दोघींमधला फरक बघतो. जिनिंगची मोटार सुरू झाली, शेजारी कुणी वेल्डिंग लावलं, की तो गोंगाट दोघींत सारखाच शिरतो आणि वजाबाकीत उडून जातो. आयडिया जुनी आहे, टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं पीळ दिलेल्या तारांच्या जोडीचं पेटंट १८८१ मध्येच घेतलं होतं. पण बेलसाहेबाकडं डीआरसी नव्हतं, त्यामुळं त्याला रात्री झोप लागत असणार.

पहिल्यांदा बटण दाबलं, ४१२ एरर. घाबरायचं नसतं, त्यातले तीनशे तर पॅडवर, म्हणजे पार्ट डकवायच्या जागेवर, पांढरी अक्षरं चढली असलेच असतात. ते आवरले. आणि मग लक्षात आलं की डिफरेन्शिअल जोडीचा एकही एरर नाही! मी त्या आनंदात निराला बाजारला जाऊन भेळ खाऊन आलो, सरांना मेसेज पण टाकला, "यूएसबी क्लीन आहे सर". दुसऱ्या दिवशी कळालं की क्लीन बिन काही नव्हतं. सॉफ्टवेअर जोडी ओळखतं ते नावावरून. एकीच्या नावाच्या शेवटी पी असलं तर दुसरीच्या शेवटी एन पाहिजे, किंवा एकीला अधिक न दुसरीला उणे. मी एकीला डीपी आणि दुसरीला डीएम ठेवलं होतं, एम फॉर मायनस, मला काय माहीत. म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी त्या दोघी एकमेकींच्या कुणी लागतच नव्हत्या, शेजारून चाललेल्या दोन परक्या तारा. सोयरीकच झालेली नाही तर रुसवाफुगवा कुठून येणार. एमचं एन केलं, बटण दाबलं, तेवीस एरर.

तेवीसच्या तेवीस त्या दोन तारांचे.

आता हे प्रकरण काय असतं ते सांगतो. यूएसबीच्या जोडीचा इम्पिडन्स, म्हणजे पळत्या सिग्नलला होणारा विरोध, ९० ओम ठेवायचा असतो (इथरनेटला १००), आणि तो पट्टीची रुंदी, दोघींमधली फट आणि खालचा ग्राउंडचा थर किती खोल आहे यावर ठरतो. माझ्या बोर्डाला फट आली ०.१५ मिलिमीटर. ही फट शेवटपर्यंत तेवढीच राहिली पाहिजे, हा एक नियम. दोघींची लांबी सारखी पाहिजे, हा दुसरा, त्यातल्या फरकाला स्क्यू म्हणतात. आणि दोघींनी एकमेकींचा हात सोडून किती अंतर चालायचं त्याला मर्यादा, अनकपल्ड लेंथ, हा तिसरा. एकेक नियम वेगळा वाचला तर किती समजूतदार वाटतो बघा. पण तिघं एकत्र आले की भाऊबंदकी.

सुरुवात कनेक्टरपासूनच. यूएसबी-सी कुठूनपण उलटंसुलटं घुसतं म्हणून लोक खूश असतात, त्या खुशीचं बिल आमच्या नावावर फाटतं. तो सॉकेट उलटासुलटा चालावा म्हणून त्यात डेटाच्या पिना दोनदोनदा दिलेल्या असतात, आणि ओळीनं लागतात कशा, तर मायनस, प्लस, मायनस, प्लस. प्लसला प्लस जोडायचं तर मधल्या मायनसवरून उडी, मायनसला मायनस जोडायचं तर प्लसवरून. म्हणजे माझ्या बोर्डात तरी एकीला भोक पाडून खालच्या थरात जावंच लागत होतं. ती खाली गेली की हात सुटला, हात सुटला की अनकपल्डचा एरर. ती लवकर वर आणली तर फटीचा एरर. फट नीट केली तर शेजारच्या स्क्रूच्या भोकाला चिकटली, क्लिअरन्सचा एरर.

स्क्यूचं तर विचारूच नका. कनेक्टरपासून चिपपर्यंत जाताना जोडी दोनदा उजवीकडं वळत होती, त्यात आतली तार बाहेरचीपेक्षा ०.९ मिलिमीटरनं आखूड भरायली. यावर पुस्तकी उपाय म्हणजे आखूड तारेला मधे मधे कुबड काढून लांब करायचं. मी एक कुबड काढलं. कुबडाच्या जागी फट वाढली, फटीचा एरर. कुबड बारीक केलं तर लांबी पुरेना, म्हणून चार बारीक कुबडं काढली, आता फटीचे चार एरर. सर दर तासाला मागं येऊन "किती राहिले?" विचारायचे आणि मी सकाळी तेवीस, दुपारी सतरा, संध्याकाळी एकतीस असे आकडे सांगायचो. संध्याकाळी एकतीस कसे झाले हे त्यांनी विचारलं नाही, नुसते बघत राहिले. ते विचारले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात आबा मोतीबिंदू दाखवायला गावाकडून आलेले. मी ऑफिसचा लॅपटॉप घरी आणून रात्री अकराला पण कुबडंच काढत होतो, आबा मागं खाटेवर. डोळ्याला दिसत नाही म्हणून तपासायला आलेला माणूस, पण स्क्रीनवरच्या दोन लाल रेघा त्यांना दिसल्या.

"का करायलास रं एवढं?"

"काम आहे आबा. झोपा की तुमी."

"ही जोडी हाय का?"

मी थबकलो. म्हणालो हो, जोडीच आहे, मधलं अंतर बदलू द्यायचं नसतं.

"मंग जू हायच की. आन् हे एकजण मधीच असं वाकडंतिकडं का चालायलंय?"

मी सांगितलं, वळणावर बाहेरच्याला जास्त चाल पडते, आतला आधी पोचतो, म्हणून आतल्याला जरा फिरवून आणायलोय. आबा उठून बसले. आता आबांनी नांगर, वखर, तिफण सगळं बैलावर केलेलं आहे, खळ्यात तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरवलीय. त्यांच्याकडं बघून वाटलं की ते आयुष्यभर या प्रश्नाचीच वाट बघत होते.

"वळणावर भायेरच्याला जास्त चाल पडतीच. खळ्यात म्हणूनच सुस्त बैल तिवड्याकडं बांधतेत. पर म्हणून आतल्याला कुणी नाचवीत नाही येड्या. दोनदा उजव्या अंगाला वळवलास, तर दोनदा डाव्या अंगाला वळीव. कुणाचंच देणं राहत न्हाई."

एवढं म्हणून ते कूस बदलून झोपले. मी बसलो तसाच. चिप उचलून बोर्डाच्या दुसऱ्या अंगाला ठेवली, जोडी दोनदा उजवीकडं आणि दोनदा डावीकडं वळेल अशी काढली, कुबडं सगळी पुसली. फरक ०.९ वरून ०.२ वर आला. हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी त्या दिवशी बिबी का मकबऱ्याच्या मागं क्रिकेट खेळत असेन.

पण ०.२ लासुद्धा एरर होता. कारण नियम होता ०.१ चा. आता मला राग आला, हा ०.१ ठरवला कुणी? जरा हिशोब केला. बोर्डाच्या आत सिग्नल एक मिलिमीटर जायला साधारण ७ पिकोसेकंद घेतो (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग), आणि ४८० मेगाबिटच्या यूएसबीचा एक बिट असतो दोन हजारांवर पिकोसेकंदांचा. म्हणजे ज्या ०.९ मिलिमीटरसाठी मी तीन दिवस रडलो तो फरक ६ पिकोसेकंदांचा होता! मुंबईहून तपोवन एक्सप्रेस जालन्याला पोचायला तीन मिनिटं उशीर झाला तर त्याला कुणी उशीर म्हणत नाही, त्याच्यापेक्षाही कमी झालं हे. नियमांची फाईल उघडली. वर लिहिलेलं होतं की हे नियम एका वेगवान मेमरीच्या बोर्डावरून कॉपी केलेत. कॉपी करणाऱ्याचं नाव होतं. माझंच होतं.

मर्यादा बदलली. एरर उरला एकच, कनेक्टरपाशी उडी मारणाऱ्या तारेचा, तो जाणारच नव्हता कारण पिनाच तशा आहेत. असा एरर हाताने माफ करता येतो, फक्त शेजारी कारण लिहावं लागतं. रात्रीचा दीड वाजलेला, मी लिहिलं, "आबा म्हणाले चालतंय". सकाळी दुरुस्त करायचं ठरवलं होतं आणि सकाळी अर्थातच विसरलो, फाईली फॅबला, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला गेल्या, आणि रिव्ह्यूच्या मीटिंगला सरांनी ती ओळ मोठ्यांदा वाचून दाखवली. "हे आबा कोण? कन्सल्टंट आहेत का?"

बोर्ड आले. यूएसबी पहिल्या झटक्यात चाललं. डबा घेऊन जिनिंगवर गेलो, बसवला, चालू केला. केबिनमधे आकडा आला, बाहेरचा डिस्प्ले ठार आंधळा. मागं गाड्यांची रांग, जो तो खाली उतरून माझ्याकडं बघायला. मी लॅपटॉप काढून डीआरसीचा रिपोर्ट बघू लागलो, शून्य एरर, जणू तो रिपोर्ट डिस्प्लेला दाखवला की तो लाजेनं पेटणार होता.

तेवढ्यात तिथला वायरमन आला. कानाला टेस्टर लावलेला, तोंडात सुपारी. डिस्प्लेचं झाकण उघडून म्हणाला, "ए-बी उलटं आसंल सायेब. नव्या काट्याला कायम असंच निघतंय." आणि खरंच, आरएस-४८५ चं स्टँडर्ड १९८३ पासून आहे, तरी त्यातलं ए आणि बऱ्याच चिपवाल्यांनी आपल्या पिनेला दिलेलं ए एकमेकांच्या उलट असतं. डीआरसीला याचा पत्ता नसतो, ते फक्त दोघी बरोबर चालतात का तेवढं बघतं, कुणाच्या दारात चालल्यात ते बघत नाही. त्यानं दोन स्क्रू ढिले केले, तारा अदलाबदल केल्या.

आणि त्या तारा मी जवळून बघितल्या. जोडी बिडी काही नव्हती. घरात बल्बाला वापरतात ती साधी वायर, नव्वदेक मीटर, मधे दोन ठिकाणी काळ्या टेपचा जोड, एक लाल आणि एक काळी, आणि शेवटाला लाल तार काळीपेक्षा चांगली वीतभर लांब. वायरमननं ती जास्तीची तार करंगळीला गुंडाळून स्प्रिंगसारखी केली आणि झाकणात कोंबली. कुबड! माझ्या तोंडून "अरे स्क्यू..." एवढं निघालं. सेकंदाला ९६०० बिटच्या स्पीडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो, वीत काय न वाव काय, त्याला फरक पडत नाही हे मला माहीत होतं. तरी आतून कसंतरी झालं.

"चालतंय का बगा," तो म्हणाला, "उभे राहा काट्यावर."

तो काटा दहादहा किलोनं मोजतो. मी रिकाम्या काट्यावर एकटा मधोमध उभा राहिलो आणि बाहेर, अख्ख्या रांगेला दिसेल असं, हातभर उंच लाल अक्षरांत आलं ९०. ओम नव्हे, किलो.

पहिल्याच ट्रॅक्टरवरून एकजण ओरडला, "त्यातून ओलावा कापा की वो!"