ओअरफिश भूकंपाची खबर आणत नाही

२०२५ मध्ये तमिळनाडूच्या मच्छीमारांना ओअरफिश हा पट्टीसारखा लांबलचक मासा सापडला आणि बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर मजकूर फिरू लागला: ‘प्रलयाचा मासा समुद्राच्या तळाशी राहतो. तळ हलू लागला की तो वर येतो. जपानमध्ये २०११ च्या आधी असंच झालं. महिन्याभरात मोठा भूकंप आणि त्सुनामी. गोवा-कारवारच्या पाहुण्यांना कळवा.’ सोबत सैनिकांनी रांगेत उभं राहून हातांवर पेललेल्या लांबलचक माशाचा फोटो.

‘तळाशी राहतो.’ सगळा डोलारा याच वाक्यावर उभा आहे, आणि नेमकं तेच चूक आहे. ओअरफिश (रेगालेकस ग्लेस्ने) मधल्या पाण्यात राहतो, साधारण २०० ते १००० मीटर खोलीच्या पट्ट्यात. त्याच्या खाली आणखी हजार-दोन हजार मीटर पाणी असू शकतं. मेक्सिकोच्या आखातात तेलकंपन्यांच्या पाणबुड्या कॅमेऱ्यांत २००८ ते २०११ दरम्यान तो जिवंत टिपला गेला. अंग ताठ, डोकं वर, जवळजवळ उभा, आणि फक्त पाठीवरचा पर लहरवत सरकणारा. दात नाहीत. क्रिलसारखे बारीक जीव कल्ल्यांतल्या काट्यांनी गाळून खातो. तळाशी त्याला कामच नाही.

मग वर का येतो? बहुतेक वेळा मरायला टेकलेला असतो म्हणून. पोहण्यात तो दुबळा. आजार, उपासमार, जाळ्याची इजा किंवा जोरदार प्रवाह यांनी एकदा उथळ पाण्यात ढकलला गेला की परत खाली जायचं बळ उरत नाही. किनाऱ्यावर सापडणारे बहुतेक मेलेले किंवा मरणासन्न असतात ते त्यामुळे.

जपानचा मुद्दा मात्र जपानी संशोधकांनीच तपासलाय. १९२८ ते २०११ या काळातल्या खोल पाण्यातल्या माशांच्या ३३६ नोंदी त्यांनी ६ किंवा त्याहून मोठ्या २२१ भूकंपांशी ताडून पाहिल्या. मासा दिसला त्या जागेपासून १०० किलोमीटरच्या आत आणि ३० दिवसांत भूकंप झाला का, एवढाच प्रश्न. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आला: जोडी जुळली एकच, २००७ च्या निइगाता भूकंपाची. बाकीचे भूकंप माशाविना झाले, बाकीचे मासे भूकंपाविना आले. फॉरवर्ड लिहिणारा अंतर सांगतच नाही, ही खरी मखलाशी. जगात कुठे ना कुठे ६ च्या वरचे भूकंप महिन्याला सरासरी दहा तरी होतात. ‘महिन्याभरात मोठा भूकंप’ हे भाकीत चुकवून दाखवणंच कठीण.

फोटो १९९६ चा, कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडोचा. अमेरिकन नौदलाच्या जवानांनी धरलेला, सुमारे २३ फुटी. हाच फोटो लाओस-थायलंडमध्ये मेकाँग नदीतला नाग म्हणून वर्षानुवर्षं विकला जातोय.

आता आपल्याकडचं. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप समुद्राखाली नाही, जमिनीखाली झाले. किल्लारी तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तिथे कुठला मासा सांगायला येणार होता? बेळगाव समुद्रसपाटीपासून सातशेहून जास्त मीटर उंच, त्यामुळे चोर्ला घाट चढून त्सुनामी येईल ही भीती सोडा. कारवार-गोव्याला धोका शून्य नाही. १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. पण इशारा देतं ते हैदराबादचं इनकॉइस, म्हणजे भारताचं त्सुनामी इशारा केंद्र, भूकंपमापक, भरतीमापक आणि समुद्रतळाशी ठेवलेली दाबमापक यंत्रं वापरून. पाहुण्यांना कळवायचंच तर तो इशारा कळवा.

सापडलेली प्रत्येक चंदेरी पट्टी ओअरफिशही नसते. बाजारात येते ती वाकटी: जबड्यात सुळे, शेपटी चाबकासारखी निमुळती, लांबी बहुधा मीटरच्या आत. ओअरफिशचा लालसर पर डोळ्यांच्या वरून सुरू होऊन पाठभर जातो, डोक्यावर त्याचाच तुरा, आणि गळ्याखालून दोन लांब दोरे लोंबतात. खात्री असेल तर टेप किंवा काठी शेजारी ठेवून फोटो काढा, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजा, जागा, वेळ आणि मासा जिवंत होता की मेलेला ते लिहा. शेपूट तुटलेली असली तर तसं नमूद करा, नाहीतर लांबी चुकीची नोंदली जाते. मग केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या कारवार केंद्राला कळवा. धुऊ नका, कापू नका. वरचा चंदेरी थर हात लागला तरी निघतो.